बी पॉझिटिव्ह पैलवान पाहिजे

मी पहिल्यांदा रक्तदानाला गेलो तो हेल्मेटसाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं लोकांनी मला नारळ दिले, शाली घातल्या, आणि एका भाषणात तर मला लहानपणापासूनच समाजसेवेची ओढ होती असंही कुणीतरी ठोकून दिलं. तसलं काही नव्हतं. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, निरवांगीच्या शाळेत शिबिर लावलं होतं आणि रक्त देणाऱ्याला हेल्मेट मिळणार होतं. माझं हेल्मेट त्याच आठवड्यात इंदापूरच्या बाजारात गाडीवरनं कुणीतरी लांबवलं होतं.

मी तेव्हा नुकताच तिशी ओलांडलेला. उजव्या गुडघ्यानं दगा दिल्यामुळं कुस्ती सुटून दोन वर्षं झाली होती, पण अंग अजून पैलवानाचंच होतं. मान जाड, कान मोडलेले. आमच्या आज्यानं जन्मभर मेंढरं राखली, वडलांनी ती विकून नदीवरनं पाइपलाइन आणली, आणि मी भेंडी, टोमॅटो, काकडी पिकवून पिकअपनं बारामती-इंदापूरच्या बाजाराला नेतो. मातीत कुणाला भ्यालो नाही. सुईला मात्र भ्यायचो. गुडघ्यात घ्यायचं इंजेक्शन मी तीनदा काही ना काही कारण काढून टाळलं होतं.

रांगेत माझ्यापुढचा माणूस खाटेवर झोपला. त्याच्या हातातनं निघालेली नळी बघता बघता लाल झाली. एवढंच आठवतंय. डोळे उघडले तेव्हा मी शाळेच्या फरशीवर उताणा, पाय बाकावर, तोंडावर पाणी. वर भिंतीला पोरांनी चिकटवलेली कागदाची फुलपाखरं. आणि कानाशी एक बारीक आवाज :

"आई, पैलवान चितपट झाला!"

सात वर्षांची पोरगी होती. दोन वेण्या, हातात ग्लुकोजचं बिस्किट, रक्तदात्यांसाठी ठेवलेल्या पुड्यातलं. तिच्या आईनं तिला मागं ओढलं आणि मला हात देऊन बाकावर बसवलं.

"कुणी पाडलं गं ह्यांना?" मागनं एका म्हातारीनं विचारलं.

"कुणीच न्हाय. आपलाआपणच पडला," पोरीनं सांगितलं.

मला चहा दिला. मायलेकी माझ्या शेजारीच बसल्या. लाज झाकायला काहीतरी बोलावं म्हणून मी त्या माउलीला विचारलं, "तुमी रक्त द्यायला आलाय का?"

"मागायला आलेय दादा," ती म्हणाली. "हिच्या अंगात रक्तच टिकत न्हाय. आठ महिन्यांची होती तवा कळलं. थॅलेसेमिया म्हणत्यात. दर तीन आठवड्याला दुसऱ्याचं भरावं लागतं."

"किती दिवस?"

"कायमचं."

बाजारभाव सांगावा तसं तिनं ते सांगितलं. त्या आमच्याच शिवाराच्या पलीकडच्या वस्तीवरच्या निघाल्या. नवरा कारखान्यात कामाला, घरात अजून एक धाकटा पोरगा. जवळपास कुठंही शिबिर असलं की ती पोरीला घेऊन जायची. नुसतं सांगून लोकांना पटत नाही, पोरगी डोळ्यांसमोर दिसली की चार माणसं जास्त खाटेवर झोपतात, असा तिचा अनुभव.

पोरगी माझ्याकडं बघत होती. "तुमी देणार हाय का परत पडणार हाय?"

आता ह्याच्यावर काय करायचं? उठलो आणि झोपलो खाटेवर. डोळे गच्च मिटले. पोरगी उशाला उभी राहून मला सगळं सांगत होती. "टोचली. लागलं का? आता पिशवी हलाया लागली. आता अर्धी भरली. आता पाऊण. बघा की, लई लाल हाय." मी काही बघितलं नाही.

संपल्यावर मी ऐटीत त्या रक्तपेढीच्या माणसाला म्हटलं, "साहेब, हे ह्या पोरीलाच द्या बरं का."

त्यानं कागद बघितला. "तुमचं ए पॉझिटिव्ह आहे. तिला बी पॉझिटिव्ह लागतं."

"म्हंजे माझं चालत न्हाय?"

"तिला नाही. दुसऱ्या कुणाला तरी चालेलच की."

"मग आमाला काय उपयोगाचं न्हाय," पोरगी म्हणाली, आणि आईनं तिला एक चापट दिली. मी हेल्मेट घेऊन घरी आलो. पडल्याचं बायकोला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण ती दारातच हसत उभी. बातमी माझ्याआधी पोचली होती.

*

पुढच्या उन्हाळ्यात त्या माउलीचा फोन आला. कॉलेजांना सुट्ट्या, शिबिरं बंद, जो तो लग्नाच्या धावपळीत, आणि रक्तपेढीत बी पॉझिटिव्हचा खडखडाट. पोरीची तारीख उलटून आठ दिवस झाले होते.

"पांढरी पडलीया दादा. घराच्या दोन पायऱ्या चढताना मधी बसतीया." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुमच्या तालमीत पैलवान किती असतील?"

मी तालमीत गेलो. आमचे वस्ताद तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, पांढऱ्या मिशा, अजूनही पहाटे शंभर बैठका मारणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आरं, पैलवानाच्या अंगात रक्त व्हायला किती दूध लागतं, किती बदाम लागत्यात, तुला सांगाय पायजे का? आन् ते पिशवीत भरून द्यायचं?"

"वस्ताद, एकदा पोरीला बघा तरी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मायलेकी तालमीच्या दारात उभ्या राहिल्या. बायका आमच्या तालमीत येत नाहीत, म्हणून आई उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. पोरगीही थांबली, पण तिनं आधी चपला काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पैलवान मातीत उतरताना तसं करतात, ते तिनं कुठंतरी बघितलं असणार. वस्तादांनी ते टिपलं. तिच्या ओठांचा रंगही त्यांनी टिपला असणार, कारण ते उठून दारात आले.

"आजोबा, तुमचा ग्रुप कुठला?" पोरीनं विचारलं.

"आमचा? आमी कुठल्याच ग्रुपात न्हाय बाळ. दोन्ही पार्ट्या नारळ फोडायला बोलवत्यात, आमी दोन्हीकडं जातो."

तालीम हसून हसून लोळली. मी वस्तादांना समजावून सांगितलं तेव्हा तेही हसले. "मला काय म्हाइती माझं रक्त कुठलं!"

"म्हाइती पायजे," पोरगी म्हणाली. "गाडीनं उडवलं तर काय सांगणार?"

वस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला. मग मागं वळून पोरांना सांगितलं, "उद्या सकाळी मेहनत बंद. आंघोळ करायची, पोटभर न्याहारी करायची, धुतलेली कापडं घालायची आन् पिकअपमधी बसायचं."

अकरा पैलवान आणि वस्ताद असे आम्ही बारामतीला निघालो. टोमॅटोचे क्रेट खाली उतरवून ठेवले होते, त्या जागी पोरं दाटीवाटीनं उभी. वाटेत लोक विचारायचे, "मैदान कुठं हाय आज?" पोरं ओरडायची, "दवाखान्यात!"

रक्तपेढीत शिरल्यावर तिथल्या मुली घाबरल्याच. एवढे मोडके कान त्यांनी एका जागी कधी बघितले नसावेत. पण घाबरायचं काम आमच्या पोरांचं होतं. एकानं सुई बघून हनुमानाचं नाव घेतलं ते पिशवी भरेपर्यंत सोडलं नाही. एकाच्या दंडावर ताजं गोंदण होतं, त्याला परत पाठवलं. आणि सगळ्यांत दणकट गडी, दिवसाला दोन लिटर दूध पिणारा, त्याचं हिमोग्लोबिनच कमी निघालं. वस्तादांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो भिंतीला चिकटला. डॉक्टरीणबाईंनी त्याला नुसत्या दुधावर न राहता पालेभाजी, गूळ-शेंगदाणे खायला सांगितले.

शेवटी वस्तादांनी स्वतःची बाही वर केली.

"आजोबा, वय किती?" सुई टोचणाऱ्या मुलीनं विचारलं.

"अडुसष्ट."

"पासष्टच्या पुढं आम्ही घेत नाही."

"का? माझा हात धर, हलवून दाखव बरं."

तिनं काही हात धरला नाही. वस्ताद बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मग उठून खाली गेले आणि दोन फण्या केळी घेऊन आले. जो पैलवान बाहेर येईल त्याच्या हातात केळं, आणि डोक्यावर एक टपली.

तपासणीत चार जण बी पॉझिटिव्ह निघाले. आमच्या पोरांचा हट्ट होता की त्यांच्या पिशव्या त्याच पोरीला जायला पाहिजेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, असं नसतं. रक्त तपासायचं, जुळवायचं, ज्याला आधी गरज त्याला आधी. "तुमचीच पिशवी तिला मिळेल असं मी सांगू शकत नाही. पण पेढीत बी पॉझिटिव्ह असलं तर तिला परत जावं लागणार नाही, एवढं नक्की."

"म्हंजे कुणाला गेलं ते कळणार बी न्हाय?" वस्तादांनी विचारलं.

"नाही कळत."

वस्तादांनी विचार केला. "बरं," ते म्हणाले. "पण त्या पोरीला आज मिळंल ना?"

मिळालं. मायलेकी एसटीनं आल्या होत्या, त्याच दुपारी वरच्या मजल्यावर तिला रक्त लावलं. पैलवान एकेक करून दारातनं डोकावून आले. तासाभरात तिच्या ओठांना रंग यायला लागला, ते मी पहिल्यांदा बघितलं.

परत आल्यावर वस्तादांनी तालमीच्या भिंतीवर, हनुमानाच्या फोटोपासून जरा अंतर राखून, गेरूनं त्या चौघांची नावं लिहिली, कुणी कधी दिलं ते लिहिलं. एकदा दिल्यावर तीन महिने थांबावं लागतं, त्यामुळं चौघांच्या पाळ्या लावूनही मधे खाडा पडत होता. म्हणून खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : बी पॉझिटिव्ह पैलवान पाहिजे. तेव्हापासून नवा पोरगा तालमीत आला की वस्ताद आधी रक्तगट विचारतात, मग वजन. एकदा शेजारच्या गावचा एक बाप पोराला घेऊन आला आणि ओ पॉझिटिव्ह म्हणाला, तर वस्तादांचं तोंड पडलं. मग मी सांगितलं की ओ पण तिला चालतं, तेव्हा त्या पोराला बदामाची थंडाई मिळाली.

पोरगी मात्र डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मानायला तयार नव्हती. तिच्या हिशेबानं तिच्या अंगात चार पैलवान होते आणि ते चौघं तिचे होते. सांगवीच्या जत्रेत त्यातला एक घिस्सा डावावर आपटला, तर पुढं शिवारात भेटल्यावर ती मला म्हणाली, "हरलेल्याचं मला नको." मी तालमीत येऊन हे सांगितलं. बाकीचे हसले, पण तो पोरगा काही हसला नाही. दुसऱ्या दिवसापासनं पहाटे सगळ्यांच्या आधी तो मातीत.

*

आधी मायलेकी एसटीनं जायच्या. नंतर ते साथीचं वर्ष आलं, एसटी बंद, रस्त्यावर पोलीस. भाजीच्या गाडीला तेवढा पास होता. मग काय, दर तिसऱ्या मंगळवारी केबिनमधे मी, मधे पोरगी, कडेला आई, आणि मागं काकडी. नाक्यावर हवालदारानं आत डोकावून विचारलं, "ही पण भाजी का?"

"न्हाय, मी पेशंट हाय," ती अकरा वर्षांची पोरगी म्हणाली. "काकडी मागं हाय." आणि कागद पुढं केला.

साथ गेली, एसटी सुरू झाली, पण मंगळवार माझ्याकडंच राहिला. कोणी तसं ठरवलं नाही. मी सकाळी बाजारात भाजी उतरवायचो, मायलेकींना दवाखान्यात सोडायचो, आणि रक्त चढायला पाच-सहा तास लागतात म्हणून तिथंच बसायचो. वॉर्डात अशी बरीच मुलं यायची. मोरगावकडची दोन सख्खी भावंडं होती, दोघांनाही तोच आजार. त्यांची आई सकाळच्या एसटीनं भाकरी बांधून यायची आणि वॉर्डातल्या सगळ्या मुलांना बाजरीच्या भाकरीचा एकेक तुकडा द्यायची. मुलांच्या एका हाताला सुई, दुसरा मोकळा, आणि दिवस खायला उठलेला.

रक्त मिळालं म्हणजे सगळं झालं असं मला वाटायचं. तसं नसतं. बाहेरच्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं आणि ते काढायला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी हिचं पोट बिघडायचं. एकदा तपासणीत लोह फार वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या घेते ना? ही म्हणाली, घेते. आई म्हणाली, माझ्यासमोर घेते. घरी गेल्यावर गोठ्यामागच्या जुन्या रांजणात गोळ्यांचा ढीग सापडला.

आई रडली, बाप ओरडला, आणि मग मला बोलावणं आलं, कारण पोरगी कुणाशी बोलेना. मी गेलो. ती ओट्यावर बसलेली.

"काय गं, का टाकल्यास?"

"तुमी घेऊन बघा एक," ती म्हणाली. "मग शाळेत पाच-पाच वेळा बाहेर जायाला हात वर करा. पोरं नाव ठेवत्यात मामा."

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसलो. पैलवानाला सांगतात तसं, सहन कर, असं सांगायला गेलो असतो तर तिनं मला ओट्यावरनं ढकललं असतं. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना हे सांगितलंस का?"

"न्हाय. लाज वाटती."

पुढच्या मंगळवारी तिनं सांगितलं. मी दाराबाहेर उभा होतो. गोळीची वेळ बदलली, ती संध्याकाळी जेवणानंतर घ्यायची ठरली, आणि बाईंनी शाळेला चिठ्ठी लिहून दिली. इतकं साधं होतं ते. लोह खाली यायला मात्र वर्ष गेलं.

त्याच वॉर्डात एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा होता, फार गोड हसायचा, सगळ्यांच्या मोबाइलवर गेम खेळायचा. त्याच्या हृदयावर परिणाम झाला होता म्हणे. एका मंगळवारी त्याची खाट रिकामी होती. आमची पोरगी सिस्टरला म्हणाली, "त्याची तारीख बदलली का?" सिस्टर नुसती सुई लावत राहिली. पोरीनं परत विचारलं नाही. त्या दिवशी ती सहा तास भिंतीकडं तोंड करून पडून होती, आणि घरी येताना नदीच्या पुलावर म्हणाली, "मामा, गाडी जरा हळू चालवा की." मी हळूच चालवत होतो. आणखी हळू केली.

*

ती तेरा वर्षांची असताना एका संस्थेनं बारामतीत सगळ्या मुलांच्या भावंडांची फुकट तपासणी केली. भावाबहिणीचा बोन मॅरो तंतोतंत जुळला तर ऑपरेशन करता येतं, मग बाहेरचं रक्त लागत नाही. ऑपरेशनला मोठ्या शहरातल्या ट्रस्ट मदत करणार होत्या. तपासणीत तिच्या धाकट्या भावाच्या गालाच्या आतनं कापसाच्या काडीनं नमुना घेतला. काडी तोंडात जाताना त्याला हसू आलं, त्याला हसताना बघून सगळा वॉर्ड हसला.

दोन महिने आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तेच. वस्तादांनी हनुमानाला नारळ बोलला. तिचा बाप, मुलखाचा अबोल माणूस, वाटेत भेटला की मला थांबवून विचारायचा, "कळलं का काय?" जसं काय मला आधी कळणार होतं.

जुळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला. बाप खिडकीतनं बाहेर पार्किंगकडं बघत राहिला. भाऊ रडायलाच लागला, नापास झाल्यासारखा.

परतताना मी रसवंतीवर गाडी थांबवली. सगळ्यांसमोर उसाच्या रसाचे ग्लास आले, कोणी हात लावेना. तेव्हा पोरगी भावाला म्हणाली, "बरं झालं. तुझं घेतलं असतं तर जन्मभर बोलून दाखवलं असतंस. ताटातला लाडू उचलला तरी मॅरो काढला असतास."

भाऊ रडता रडता हसला. बापानं ग्लास उचलला. तिनं आपला संपवला आणि बापाचाही अर्धा प्यायली.

नंतर बाकीचे गाडीत बसत असताना ती माझ्याजवळ थांबली. "मामा, आता पैलवानांना कायमच द्यावं लागणार."

"मग देतील की."

"कटाळतील."

"तू कटाळलीस का?"

"मी? लई," ती म्हणाली, आणि केबिनमधे चढून बसली.

हे मी तालमीत येऊन सांगितलं, तेव्हा वस्तादांनी भिंतीवरची नावं एकदा वाचून काढली. मग म्हणाले, औंदा जत्रेच्या मैदानात काहीतरी करायचं. आमच्याकडं कुस्ती जिंकली की पैलवान मैदानात फेरी मारतो आणि खूश झालेले लोक त्याच्या हातावर दहा-वीस-पन्नास ठेवतात. ते त्याचं असतं, त्याच्या खुराकाचं. त्या वर्षी वस्तादांनी हलगी थांबवून जाहीर केलं की आज ज्याला द्यायचं असेल त्यानं फेरीतलं बारामतीच्या वॉर्डातल्या मुलांसाठी द्यावं, जबरदस्ती नाही. पहिली कुस्ती जिंकली ती त्याच सांगवीत हरलेल्यानं. त्यानं फेरी मारली, मग वळून दुसऱ्या बाजूनं परत मारली, आणि फेट्यात जमलेलं सगळं तसंच्या तसं वस्तादांपुढं ओतलं. मग पुढचे कोण मागं राहतात! बाहेरगावचे पैलवान, ज्यांना काही माहीत नव्हतं, तेही ओतून गेले.

पोरीला माइकवर बोलावलं. ती आधी नको नको म्हणाली, मग आली आणि दोनच वाक्यं बोलली. "मी ह्या गावाच्या रक्तावर चालते. उद्या शाळेत शिबिर हाय, पोटभर खाऊन या." लोकांनी हलगीपेक्षा मोठ्या टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत रांग गेटच्या बाहेर, आणि त्यात बायका जास्त.

जमलेल्या पैशांचं काय करायचं म्हणून आम्ही वॉर्डात विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त गाळायचे चांगले फिल्टर द्या, त्यानं रक्त चढताना मुलांना थंडी-ताप येत नाही. मुलांना विचारलं तर सगळी म्हणाली, कॅरम. दोन्ही आणलं. फिल्टरचं महत्त्व डॉक्टरांना, कॅरमचं मला जास्त माहीत आहे, कारण त्या दिवसापासून मी दर तिसऱ्या मंगळवारी एका हातानं खेळणाऱ्या मुलांकडून हरत आलो आहे.

*

आता ती सतरा वर्षांची आहे. गेल्या जूनमधे बारामतीला अकरावीला गेली, होस्टेलवर राहते. तिथनं दवाखाना चालत पंधरा मिनिटं. जाताना आईनं डब्यात गोळ्या भरून दिल्या, बापानं नवी सायकल दिली, वस्तादांनी बदाम दिले. मी म्हटलं, मंगळवारी येतोच.

पहिल्या मंगळवारी मी पोचलो तेव्हा ती खाटेवर बसून अकाउंटन्सीचं पुस्तक वाचत होती. दोन मैत्रिणी शेजारी, एक तिच्या वेण्या घालत होती. मला बघून ती म्हणाली, "मामा! तुमी कशाला आलात?"

"भाजी घेऊन आलतो बाजारात."

"आज बाजार कुठाय? मंगळवारचा बंद झालाय की."

मैत्रिणी खाली माना घालून हसल्या. मी उभाच. मग तिनं त्यांना सांगितलं, "हे आमचे मामा," आणि मला खुर्ची दाखवली. मी थोडा वेळ बसलो. त्या तिघी कुठल्यातरी सरांबद्दल बोलत होत्या, मला त्यातलं काही कळत नव्हतं. सिस्टरनं रक्ताचा वेग बघितला. पोरीनं पान उलटलं.

"मामा, जावा की आता," ती हळूच म्हणाली. "भेंडी तोडायची राहिली असंल."

राहिली होती खरी. मी उठलो, खाली टपरीवर चहा घेतला. तिच्या आईचा फोन आला.

"कशी हाय?"

"बरी हाय. मला हाकलून दिलं."

पलीकडनं ती माउली इतकी हसली की टपरीवाल्यानंही माझ्याकडं बघितलं. हसता हसता तिनं नाक ओढल्याचाही आवाज आला. मग म्हणाली, "या मग घरी. पिठलं केलंय."

मी गाडी काढली. जेवायच्या वेळेला निरवांगीत पोचलो, आणि तीन वाजता भेंडीत होतो.